शेवटचा बाक

उत्कर्षा : हसू नका की पप्पा! पैज लागलीय माझी. सांगा, तुम्ही मत कुणाला देता?

पप्पा : हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

आई : आणि मला करूनही घ्यायचं नाही. जजशी लग्न केलं तेव्हाच सगळं सोडलं. कुणाच्या बारशाला जायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. परवा शेजारच्यांनी शेंगाचटणी दिली, ती बरणीसुद्धा परत केली मी.

उत्कर्षा : वैष्णवी म्हणाली, तुझी टापच नाही विचारायची. मी म्हटलं, बघच बे!

पप्पा : बे काय, बे? तीन वर्षांत पक्की सोलापूरकर झालीस. बरं झालं, मेमध्ये बदली आहे.

उत्कर्षा : बरं, हा वैष्णवीचा होता. आता अक्षताचा प्रश्न. निकाल देताना ते मत तुम्ही कुठं ठेवता?

पप्पा : चपलांसारखं. दाराबाहेर. ही अक्षता कोण?

उत्कर्षा : दुधनीच्या चन्नवीरांची मुलगी.

आई : उत्कर्षा, चल, ताटं घे.

पप्पा : थांब गं. ती तुझ्या वर्गात आहे?

उत्कर्षा : आधी माझ्याच बाकावर होती. ऑगस्टपासून शेवटच्या बाकावर एकटी बसते. मॅडमना म्हणाली, तिथून फळा नीट दिसतो. माझ्याशी त्यानंतर आज पहिल्यांदा बोलली.

पप्पा : तिच्या वडिलांचा जामिनाचा अर्ज निकाली निघालाय. खटलाही आता दुसऱ्या कोर्टात आहे. माझी कारणं मी आदेशात लिहिलीत.

उत्कर्षा : कारणं नकोत मला! पाण्यासाठी रस्ता अडवला, दगड पडले, पोलिसाचं डोकं फुटलं, सगळं माहितीय. चन्नवीरांची आई शेवटच्या घटका मोजत होती. चार दिवसांचा जामीन मागितला त्यांनी, तुम्ही नाही दिला. आणि त्याच आठवड्यात त्या नगरसेवकाच्या भावाला दिला, वडिलांच्या ऑपरेशनसाठी! सगळे म्हणतात, तुझे पप्पा त्याच पक्षाचे.

आई : कोण म्हणतं? यांच्या कपाटात अजून तो...

पप्पा : राहू दे.

उत्कर्षा : कपाटात काय?

आई : बिल्ला आहे. कॉलेजातला. चन्नवीरांच्याच संघटनेचा.

उत्कर्षा : म्हणजे तुला माहीत होतं!

पप्पा : परभणीत मीही रस्त्यावर बसलोय. पाण्यासाठीच.

उत्कर्षा : मग असं कसं पप्पा? तुमच्याच माणसाला?

पप्पा : म्हणूनच. अर्ज वाचला आणि पहिल्यांदा वाटलं, द्यावा. लगेच भीती वाटली, हा न्यायाधीश बोलतोय की तो परभणीचा पोरगा? मग न देण्याची कारणं शोधली. सापडली. सगळी कायद्यात बसणारी.

उत्कर्षा : दुसरा कुणी असता तर?

पप्पा : (चष्मा काढून ठेवत) दिला असता.

आई : अहो, पोरीला काय सांगताय हे?

पप्पा : सात महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मी मत बाजूला ठेवलं. ते बाजूला नव्हतंच. समोरच होतं, फक्त उलटं धरलेलं.

उत्कर्षा : अक्षताची मल्लव्वा आजी त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली.

पप्पा : माहीत आहे.

उत्कर्षा : हे नसेल माहीत. त्यांच्यात, लिंगायतांत, मयताला बसवून नेतात ना, फुलांत, पाठीला आधार देऊन. अक्षताच्या पप्पांना पोलिसांच्या गाडीतून आणलं, दोन तासांसाठी. ते समोर मांडी घालून बसले आणि बोलतच राहिले. तुरीचं, पाण्याचं, हिच्या मार्कांचं. अक्षता म्हणते, आजी ऐकतेय असंच वाटत होतं. मग हवालदारच म्हणाले, दादा, वेळ झाली.

आई : देवा रे.

पप्पा : तिला काय सांगणार आहेस तू?

उत्कर्षा : तिला उत्तर नकोच आहे. म्हणाली, खरं उत्तर आलं तर माझ्या बाकावर ये. छापील आलं तर आहेस तिथंच बस. मला काही सांगू नकोस.

आई : शाळेचे राहिलेत किती दिवस?

उत्कर्षा : अठरा.

आई : अठरा दिवसांसाठी कशाला नवं काही, बाळा? लोक दहा अर्थ काढतील. यांचं नाव...

उत्कर्षा : घरातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही, आई. पण ठरलंय माझं. पप्पा, तुम्हीही ऐका. उद्यापासून मी शेवटच्या बाकावर बसणार आहे.