चार नंबरचं तेल

मिस्त्री : खालचा बोल्ट नंतर. आधी वरचा.

धाकटा : अहो, वरचा कशाला? तेल खालून पडतं ना? पाडा आणि मोकळे व्हा!

मिस्त्री : पैलवान, भरायचं वरून असतं. खालचा आधी सोडला, तेल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर? गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. मग ढकलत न्या गाडी.

ताई : त्यांचं त्यांना करू दे रे. किती वाजले?

धाकटा : बाराला दहा कमी.

ताई : साडेबाराला चिमीची शाळा सुटते. इथून वीस मिनिटं.

मिस्त्री : शाळेत फोन करून सांगा ना, पोरीला थांबवून ठेवा म्हणून.

ताई : केला. बाई म्हणाल्या, घरचं जे माणूस आधी येईल त्याच्या हाती मुलगी देऊ, तुमच्या भांडणात आम्हाला ओढू नका. सासूबाई आधी पोचल्या तर मला माझी पोर पुन्हा दिसायची नाही.

मिस्त्री : रिक्षा?

ताई : शाळेतून पुढे मावशीकडे जायचंय. साठ किलोमीटर. रिक्षाला नवरा पहिल्या नाक्यावर गाठेल. काल गाडीलाही गाठलंच की.

धाकटा : आणि माझी मोटारसायकल सकाळी हॉस्पिटलच्या दारात पेटवली त्याने. ताईला आत प्लास्टर घालत होते, हा बाहेर पेट्रोल ओतत होता. लोक व्हिडिओ काढत उभे.

मिस्त्री : सुटला वरचा. बघ, अर्धं मिनिटसुद्धा गेलं नाही. आता खालचा. परात सरकव इकडे. पायाने नको, हाताने.

(शटरवर बाहेरून लोखंड आपटतं. पुन्हा आपटतं.)

ताई : आला.

मिस्त्री : कळलं. कडी आतून लावलीय. डाव्या बाजूची पट्टी तेवढी कमजोर आहे. पैलवान, त्या बाजूला जाऊन उभा राहा. आणि पोलिसांना लाव फोन.

धाकटा : रिक्षातूनच लावलाय. गाडी निघते म्हणाले.

मिस्त्री : निघते म्हणाले म्हणजे जेवायला बसलेत.

ताई : ऐका, काय ओरडतोय ते. दुसरा हात पण मोडतो म्हणे.

धाकटा : द्या तो चाकाचा पाना इकडे! द्या म्हणतो ना!

मिस्त्री : आधी टॉर्च धर. हे तेल बघ.

धाकटा : तेल काय बघायचंय? तो शटर फोडतोय!

मिस्त्री : बघ म्हणतो ना. काय दिसतंय?

धाकटा : चमकतंय काहीतरी. सोन्याचा चुरा असावा तसं.

मिस्त्री : पितळ आहे ते. ह्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात. गिअर बदलताना त्या पकड घेतात आणि दात सावकाश दातात बसवतात. त्या रिंगा झिजून परातीत आल्यात. आणि वास घे. गंधक. ह्यात पाच नंबरचं तेल कोणी घातलं?

ताई : काल चढावर दुसरा गिअर पडलाच नाही. तीनदा ढकलला. तीनदा खर्र करून बाहेर फेकला. गाडी थांबली, मागे यायला लागली. मी हँडब्रेक ओढेपर्यंत त्याने दार उघडलं होतं. माझा हात अजून गिअरच्या दांडीवर. खेचून बाहेर घेतला, दाराच्या फटीत धरला आणि दार आपटलं. एकदा नाही.

मिस्त्री : पोरी, तेल कोणी घातलं?

धाकटा : मी.

मिस्त्री : तू?

धाकटा : मागच्या वर्षी. ताईने सांगितलं होतं, एक दिवस मला निघावं लागेल, गाडी तेवढी नीट ठेव. दुकानात चार नंबरचं होतं आणि पाच नंबरचं होतं. पाच वरचं. महागही. म्हटलं, हिच्या गाडीत भारीतलंच जाऊ दे.

मिस्त्री : वरचं नाही रे, वेगळं. ते मागच्या आसाच्या दातांसाठी. पोलाद पोलादावर घासतं तिथे त्यातलं औषध कामाचं. पितळेला तेच औषध खातं. आणि इतकं निसरडं की उरलेल्या रिंगांना पकडच येत नाही. मी कोणाला तोंडाने सांगितलं तर ऐकत नाहीत. आकडा मोठा म्हणजे माल चांगला.

धाकटा : म्हणजे हात मी मोडला तुझा.

ताई : दार त्याने आपटलं.

धाकटा : दुसरा पडला असता तर तू निघून गेली असतीस! चिमीला घेऊन काल संध्याकाळीच मावशीकडे पोचली असतीस!

ताई : दार त्याने आपटलं, छोट्या. तू होतास का तिथे? मी होते.

मिस्त्री : तो निळा डबा दे. निळा! लाल नाही. लाल पाच नंबरचा आहे, पुन्हा तोच उचलतोयस. हं. खालचा बोल्ट लावला. आता मी पंप मारतो, दोन लिटर जायला पाच-सहा मिनिटं. तोवर ती पट्टी धर.

धाकटा : वाकतेय पट्टी. कटावणी घातलीय त्याने खालून.

मिस्त्री : पायाने दाब.

धाकटा : फट पडली. हात घातलाय आत! कडी शोधतोय!

मिस्त्री : घे हा पाना, मार हातावर!

ताई : छोट्या...

धाकटा : घे! दार आपटतोस? घे! बायकोचा हात मोडतोस? घे!

ताई : ऐकलास आवाज?

धाकटा : ओरडू दे त्याला.

ताई : ओरडण्याचा नाही. त्याच्या आधीचा. बारीक. काल माझ्या हाताचा असाच आला होता.

धाकटा : मग बरंच झालं. बोटं गेली त्याची. अजून अडकलाय हात. पूर्ण मनगटच घेतो. नाहीतर शटर उघडतो आणि डोकंच फोडतो, कायमची कटकट...

ताई : पाना खाली ठेव.

धाकटा : तू मध्ये पडू नकोस!

ताई : मध्येच पडणार. तू त्याला मारलंस की तू तुरुंगात. मग गाडी कोण नेणार? माझा गिअरचा हात हा असा गळ्यात बांधलेला. स्टिअरिंग एका हाताने धरेन, क्लच पायाने दाबेन. गिअर कोण टाकणार? त्यासाठी आणलं मी तुला. तो हात मला पाहिजे, छोट्या. तिथे नको.

मिस्त्री : पैलवान, हात सुटला त्याचा. ओढून घेतला. आता लांबून शिव्या देतोय. वरच्या भोकातून तेल ओघळायला लागलं. भरलं. बोल्ट लावतो.

धाकटा : दुसरा पडेल ना?

मिस्त्री : झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही. अर्ध्या उरल्यात. पण ह्या तेलात अर्धीही पकड धरेल. दुसऱ्याला क्लच दोनदा दाबा. एकदा काढायला, एकदा घालायला. घाई कराल तर दात ओरडतील. बसा. गाडीचं तोंड मागच्या फाटकाकडेच आहे.

ताई : तुम्ही पण चला, काका. तो आत आला तर?

मिस्त्री : मग त्याला चहा विचारतो. अगं, इथे तीन गाड्या उघड्या पडल्यात गिऱ्हाइकांच्या. पाना आहे, मी आहे. पोलीसही जेवण उरकून येतीलच. पोरी, बाराला दोन कमी आहेत. निघ.

ताई : पहिला टाक. तुझ्याकडे ओढून वर.

धाकटा : पडला.

मिस्त्री : फाटक उघडतोय. मागे बघू नका!

धाकटा : ताई, तो कोपऱ्यावरून पळत येतोय. हात छातीशी धरलाय.

ताई : येऊ दे. त्याची मोटारसायकल एका हाताने चालत नाही. चढ आला. क्लच दाबला, काढ बाहेर.

धाकटा : काढला.

ताई : सोडला. पुन्हा दाबला. घाल. हळू, ढकलू नकोस.

धाकटा : जात नाहीये.

ताई : दांडी तशीच टेकवून ठेव. जोर नको लावूस.

धाकटा : मागे सरकतोय आपण! ताई, मागे सरकतोय!

ताई : मला कळतंय. टेकवून ठेव.

धाकटा : गेला. ताई, गेला आत. आवाजसुद्धा नाही.

ताई : हं.

धाकटा : आता काढू का हात?

ताई : नको. दांडीवर असू दे. पुढे तिसरा घ्यायचाय.

धाकटा : मला अजून तो आवाज ऐकू येतोय. बोटांचा.

ताई : येणार. मलाही कालपासून येतोय.

धाकटा : मला वाईट वाटायला हवं का?

ताई : माहीत नाही. आत्ता तिसरा घाल.

धाकटा : घातला.

ताई : ते बघ शाळेचं फाटक. सासूबाई दिसतात का कुठे?

धाकटा : नाही. कोणीच नाही. घंटासुद्धा झालेली नाही.

ताई : मग हात पूस आधी. बोटांमधलं तेलही. चिमी धावत येईल आणि तुझाच हात धरेल.