वस्तऱ्याची मूठ

बसलात सगळे? मागच्यांनी जरा पुढं सरका. देव काही चावत नाही! हं. तर देवाच्या पायाशी डोकं ठेवून आज एकच प्रश्न विचारतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याला मूठ कशाला असते?

"धरायला!" — कोण बोललं? पाटील? पाटील, आयुष्यभर दाढी करून घेतली, पण डोळे मिटूनच! अहो, दाढी करताना न्हावी पात्याची मान धरतो, मूठ असते वर, मोकळी. मग मूठ हवीच कशाला? ठेवा प्रश्न मनात, आणि ऐका.

एका गावात केरबानाना नावाचा न्हावी होता. हात लोण्यासारखा! आणि जीभ? अरे बापरे! दाढी बिनरक्ताची व्हायची, पण गिऱ्हाईक घायाळ होऊन उठायचं. एकाला म्हणाला, "केस काप म्हणतोस? आधी आहेत कुठं ते दाखव!"

हसू नका. हीच जीभ लेकीच्या लग्नात सुटली! जावयाचं नाव उत्तम. न्हाव्याच्याच घरचा, पण वस्तरा सोडून त्यानं सुतारकाम धरलेलं. भरल्या पंगतीत नाना ओरडला, "आमच्या शेवंताच्या नशिबी नवरा नाही, लाकूड आलं!"

पंगत हसली. उत्तम पानावरून उठला. शेवंताही उठली — आणि मंडळी, ती पुन्हा माहेरी आलीच नाही. दिवाळी आली, गेली. नानाची बायको हौसाबाई करंज्या करायची आणि डबा तसाच झाकून ठेवायची.

मग एक दिवस निरोप आला. शेवंताच्या बाळाचं जावळ भैरोबाला बोललंय, गावात येतोय! हौसाबाईचे डोळे भरले. म्हणाली, "तुमच्या हातानंच करा. पण तोंड तेवढं घरी ठेवून या! आता बिनसलं, तर पोरगी जल्मात यायची नाही."

नातवाला पहिला वस्तरा आपल्या बापाचाच लागावा, म्हणून नानानं तो पेटीच्या तळातून काढला. बघतो तर काय — पातं गंजलेलं, शिंगाची मूठ किडीनं खाल्लेली! पण नानाही हट्टी. राख आणि तेल घेऊन गंज घासला, दगडावर पाणी टाकून धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर मागं-पुढं, मागं-पुढं... पात्यात आपल्याच मिशा दिसायला लागल्या! मग बांबूच्या दोन पट्ट्या तासून, खिळे ठोकून मूठ केली आणि ऐटीत वस्तरा मिटला —

खट्ट!

धार पट्टीवर आपटली, तिला खाच पडली. पुन्हा धार लावली, पुन्हा मिटला. पुन्हा खट्ट! हौसाबाई चुलीपुढून म्हणाली, "धार झ्याक हाय वो. पर तिला ऱ्हायाला जागा कुठाय?"

गावचा सुतार म्हणाला, "नाना, एवढं बारीक काम एकालाच जमंल. तुमच्या जावयाला!"

आता आली का पंचाईत? नाना उत्तमच्या दारात गेला. लाकूड म्हणून ज्याला हिणवलं, त्याच्याकडं लाकूड मागायला!

"या मामा," उत्तम म्हणाला. पाणी दिलं. वस्तरा हातात घेऊन मिटला. खट्ट! "पट्ट्या सरळ झाल्यात मामा. पोटात जरा बाक पाहिजे, आन् बुडाला शिशाची बारीक पाचर. मग पातं आत बसतं, पर कुठंच टेकत न्हाई."

त्यानं सागाचे दोन तुकडे काढले. "बाळाच्या पाळण्यातनं उरल्यात."

नानाला म्हणायचं होतं "चुकलं", पण म्हणाला, "साग बरा हाय!" बघा हं, टोचून बोलताना ही जीभ कधी अडखळली होती का?

जावळाचा दिवस उजाडला. बाळाला मामा नाही, म्हणून ते बापाच्याच मांडीवर. वस्तरा डोक्याला लागायच्या आत पोरानं असा टाहो फोडला, असे हातपाय झाडले, की उत्तमला आवरेना! सगळा गाव नानाच्या तोंडाकडं बघतोय. शेवंताचा चेहरा उतरला. आणि आलं बरं का, नानाच्या अगदी ओठावर आलं — "रंधा धरणाऱ्याला पोर कुठलं धरता येतंय!"

नानानं वस्तरा मिटला.

आवाज झाला नाही. धार आत गेली आणि कुठंच टेकली नाही. नाना त्या मुठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पाव्हणं, भरल्या पंगतीत तुम्हाला लाकूड म्हनलो. सगळ्यांदेखत म्हनलो, म्हनून सगळ्यांदेखत सांगतो, चुकलं माझं. आता धरा नातवाला. दमानं, मला घाई न्हाई."

शेवंता रडली, हौसाबाई रडली. आणि पोरगं? सगळ्यांना रडताना बघून गप्प झालं! जावळ झालं, बिनरक्ताचं. त्या दिवाळीला करंज्यांचा डबा रिकामा झाला.

कळलं का पाटील, मूठ कशाला? मिटायला! धार वाईट नाही हो, पण काम नसेल तेव्हा तिला राहायला घर पाहिजे. देवानं तुमच्या-माझ्या जिभेला दोन पट्ट्या दिल्यात, ओठ म्हणतात त्यांना. घरी गेल्यावर आमटी खारट लागली, सूनबाईला उशीर झाला, की आधी त्या मिटून बघा!

आता हरिनामासाठी उघडायच्याच आहेत, तर उघडा मोठ्यानं. पण "चुकलं माझं" हे ज्याला सांगायचं राहिलंय, तो माणूस याच मांडवात बसला असेल. त्याच्याजवळ जाऊन तेही एवढ्याच मोठ्यानं म्हणा. टाळ आम्ही जरा हळू वाजवतो.