चाकाची माती

हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक माणूस रिमोटची गाडी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या गावातल्या एका म्हातारीनं त्याला हटकलं.

"शिवशंकर, लेकराची गाडी का रे?"

"न्हाई मावशी, आबाची. वावरातल्या खाटेवरून चालवतेत."

"आता माय! ह्या वयात?"

"पाय गेले, हात बराबर हायेत. पण हळदीच्या सरीत गाडीला जोर पडतो. आतला स्पीड कंट्रोलर तापून बंद पडायचा."

"मंग?"

"आबानं त्याला माठावानी वलं फडकं गुंडाळलं. जळाला."

"आन् आता?"

"नवा आणला. त्याला भजनी मंडळाच्या जुन्या आम्प्लिफायरची अल्युमिनियमची पट्टी लावली, वर बारका पंखा. आता तापत न्हाई."

"एवढी तकलीफ काहून? वावरात फिरवून काय करतेत?"

"बांधापर्यंत नेऊन माघारी आणतेत. मंग चाकाची माती काढून बोटात चोळतेत. काल म्हणले, 'वल हाय अजून. हळदीला पाणी देऊ नको.'"

"मंग?"

"मी चालू मोटर बंद केली."

"आन् आज हिंगोलीत काय काम काढलं?"

"खोल खाचंचे टायर बसवले. आबा म्हणले, माती कमी येऊन राहिली."