भातसाच्या टेबलावरचे मामा

टेबलांना नावं द्यायचं हे नवीन खूळ बघितलंय ना? दादाच्या रिसेप्शनला, शहापूरच्या हॉलवर, आमच्या धाकट्या बहिणीनं, रेश्मानं, प्रत्येक टेबलाला आपल्याकडच्या एकेका धरणाचं नाव दिलं. आमचे मामा नेमके ‘भातसा’वर बसले. त्यांचं जुनं गाव त्याच धरणात गेलेलं, आणि पाणी मुंबईला.

मामांचे दोन घास होतात न होतात तोच रेश्मा आली. “मामा, जरा उठता का? मुंबईचे पाहुणे आलेत, हे टेबल त्यांच्यासाठी ठेवलंय.”

“मुंबईसाठी ना? उठतो गो. सवय हाय.”

मामांनी एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हातात टेबलावरचा पाण्याचा जग.

“मामा, जग तरी राहू द्या.”

“नाय गो. मागच्या वेळी पाणी ठेवूनच उठलो होतो.”