गाऱ्हाण्यातलं नाव

हॅलो? … हॅलो, पंप हाऊस, मुलुंड… कोण? … जरा मोठ्याने बोला, इथे दोन पंप चालू आहेत… कोण प्रेमा?

प्रेमा? … थांब, दार लोटतो.

हं, बोल. … अगं रागावलो नाही. गेल्या खेपेला तुझा फोन आला तो आई गेली म्हणून. माणूस घाबरणार नाही तर काय? … हो, हो… अगं ऐक ना, आधी एवढंच सांग. बाबा आहेत ना? … आहेत. बरं. … मग रडतेस कशाला, सणाच्या दिवशी?

आरती झाली… हं… नैवेद्य दाखवला… मग? … गाऱ्हाण्याला अडलंय? का? देवाला गाऱ्हाणं बाबा घालतात. माझ्या जन्माच्या आधीपासून तेच घालतात.

… काय नाही?

परत सांग. … आवाज नाही म्हणजे? बसलाय? … घशाचं ऑपरेशन. कधी? … आषाढात. आणि आता भाद्रपद आहे, प्रेमा. … त्यांनीच सांगितलं, कळवू नको म्हणून? सांगितलं कसं, आवाज तर… हां. पाटीवर लिहून.

… तंबाखू. माहितीये मला. मिलमध्ये साच्यावर उभे राहून सगळेच खायचे. … पण येईल ना परत? दोन-चार महिन्यांनी, औषधाने… … काढूनच टाकलं? सगळं?

… नाही, आहे. आहे मी लाईनवर. … काही नाही गं, प्रेशर बघत होतो.

बरं, मग धोंडूकाका आहेत ना तिथे? बाबांचा सख्खा भाऊ आहे, घालू दे त्यांना. … उभे राहिले होते? मग? … बाबांनी हात धरून खाली बसवलं. … आणि पाटीवर काय लिहिलं?

… माझं नाव?

वाच बघू. … नाही, जसं लिहिलंय तसं वाच. … 'विद्याधराक बोलवा.' … एवढंच?

प्रेमे, तुला आठवतं ना, चाळीच्या जिन्यात काय बोलले होते ते? … उकरून काढत नाहीये मी. संपाचा नववा महिना. माझ्या पोरीला, राधाला न्यूमोनिया, घरात डबे पालथे. पोलिसांच्या गाडीत बसून मी मिलमध्ये कामाला गेलो, आणि नेमके बाबा गेटावर उभे. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. चूक होती की नव्हती, मला अजून ठरवता येत नाही. पण जिन्यात, सगळ्या बिऱ्हाडांसमोर, 'ह्याचा नाव माज्या तोंडात परत येवचा नाय.' … आणि शब्द पाळला त्यांनी. पाच गणपती झाले. गाऱ्हाण्यात सगळ्यांची नावं, गावच्या गोठ्यातल्या गायीचंसुद्धा. माझं नाही. … तूच सांगितलंस, आईच्या बाराव्याला.

… हो गं, येतो. येतो म्हणतोय ना. पण आत्ता कसा येऊ? मला सोडवायला दोनला माणूस यायचा होता, त्याने दांडी मारली. पंप टाकून आलो तर वर टेकडीवरच्या वस्तीत घरोघरी गणपती आहेत, त्यांनी पाणी कुठून आणायचं? … सहाला पुढचा माणूस येईल. मग मुलुंडवरून दिंडोशी. आठ वाजतील. … तोवर ताटं वाढायची नाहीत म्हणतात? पोरं उपाशी आहेत ना? … अजून तसेच. हट्टी.

… फोनवर? काय फोनवर?

वेडी की काय तू? फोनवर कोणी गाऱ्हाणं घालतं? … बाबांच्या डोक्यातून निघालं हे? … टेलिफोन खात्यातला जावई केला म्हणून आता देवालाही कनेक्शन जोडा. … सीतारामभावोजींनी वायर मखरापर्यंत ओढली? झाली म्हणजे तयारी सगळी. … अगं पण मला येत नाही ते. मागे उभं राहून 'होय महाराजा' म्हणायचो, तेवढंच. …

कोणाच्या हातात देतेस? प्रेमा, थांब, देऊ नकोस. मी काय बोलू त्यांच्याशी? प्रेमा…

हॅलो?

… बाबा?

… मी विद्याधर.

… श्वास ऐकू येतोय तुमचा. … हा टकटक आवाज कसला? … मागून प्रेमा काय म्हणते? … एकदा वाजवलं तर होय, दोनदा वाजवलं तर नाय. बरं. समजलं.

बरे आहात? … एक. … दुखतं? … दोन. खोटं बोलताय.

बाबा, त्या दिवशी गेटावर… … दोन. … बोलू नको? … एक. … बरं, गेटाचं नाही बोलत. पण एक ऐकाच. दर गणपतीला मला वाटायचं, ह्या वर्षी घेतील माझं नाव. यायला मीच हवं होतं. लाज वाटली म्हणून आलो नाही. उद्या येऊ, पुढच्या सणाला येऊ… आणि आता तुम्ही घ्यायचं म्हटलं तरी…

… बाबा, रडू नका. घशाला बरं नाही ते.

… हं. घालतो. चुकलं तर दोनदा वाजवा. थांबा, चपला काढून ठेवतो.

बा देवा महाराजा…

… केवढ्याने म्हणाले सगळे. घर भरलंय वाटतं.

बा गणपती महाराजा, वर्सान वर्स तू आमच्या घराक येतस. गावाक होतंव तेवा गावाक इलस, मुंबयत इलंव तर हयसर इलस. जा काय रांधला ता गोड मानून घे. लेकरांचा काय चुकला-माकला तर पोटात घाल रे महाराजा. …

धोंडूकाकाक, तेच्या पोराबाळांक सुखी ठेव रे महाराजा. … प्रेमाक, सीतारामाक, तेंच्या चेडवांक बरी बुद्धी दी रे महाराजा. … गावच्या घराक, गोठ्यातल्या गायीक सांभाळ रे महाराजा. …

आणि माज्या बापाशीक… धाकू परबाक… तेचो आवाज तू घेतलस… थांबा. जरा थांबा, बाबा.

… तेचो आवाज तू घेतलस, आता तेका दुसरो कसलो त्रास दिव नको रे महाराजा.

… झालं.

… दोन? काय चुकलं? … कोण राहिलं? … हां, नलिनी. घेतो. माज्या बायलेक, नलिनीक, आणि चेडवाक, राधाक, सांभाळ रे महाराजा. …

परत दोन. … आता कोण? सगळी झाली की. … आई तर वर गेली, बाबा. तिचं… … दोन. आईचं नाही.

… नाही, बाबा. गाऱ्हाणं घालणारा स्वतःचं नाव घेत नाही. तुम्ही कधी घेतलंत? … दोन. … ही रीत तुमचीच ना? … दोन. … अहो, नख तुटेल तुमचं.

… बरं.

धाकू परबाच्या झिलाक… … दोन. नुसतं मुलगा म्हणून नाही? नावानिशी?

… विद्याधराक… सांभाळ रे महाराजा.

… हॅलो? कोणी काही म्हणत का नाही? प्रेमा? … काय? … बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलंय?

…

… एक.

ऐकू आलं, बाबा. … हो. ऐकू आलं मला.

… आता पोरांना वाढायला सांगा. तुम्हीही घ्या काहीतरी. तुम्हाला काय देतात, पेज? … मग घ्या ना. मला आठ वाजतील. … दोन. … अहो, गार होईल ती. … दोन.

… बरं, बाबा. गार पेज खाऊ दोघं. येतो.