पाण्यात घालतो तेच

— नाही, तिथे नको, खिडकीत ऊन येतं, इकडे टेबलावर ठेवा. तशा दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या आहेत तोवर काही होत नाही म्हणा. एकीत क्लोराइट, दुसरीत आम्ल, बरोबर? कपात थेंब थेंब एकत्र करायचे, जरा थांबायचं, पिवळं झालं की पाणी घालून प्यायचं — कागदावर असंच लिहिलंय ना? वाचून दाखवू नका, पाठ आहे मला. बसा. खुर्चीवरचे ते पेपर खाली टाका, चहा घ्या. तुम्हाला कोणी सांगितलं मी पाणीपुरवठ्यात होतो? वॉचमननं? तो सगळ्यांना सांगतो. एकतीस वर्षं होतो. आणि हेच करायचो — क्लोरीन डायऑक्साइड, हेच ते. तुमचा प्रश्न एवढाच आहे ना, की वहिनींना हे चालेल का. सांगतो, पण त्याआधी ते काय आहे ते ऐका, नुसतं हो-नाही सांगण्यात काही अर्थ नसतो, ते मला आता कळलंय.

साधा क्लोरीन नळकांड्यात भरून ट्रकनं येतो. हा येत नाही. ह्याला साठवताच येत नाही — हवेत जरा जास्त झाला, दहा टक्क्यांच्या वर गेला, की आपला आपणच फुटतो, ठिणगीसुद्धा लागत नाही, ऊन पुरतं. एकदा आमच्याकडे ढब्ब असा आवाज झाला आणि यंत्राचं झाकण थेट छताला लागलं, माणूस जेवायला गेला होता म्हणून वाचला. म्हणून तो जिथं हवा तिथंच बनवायचा, हवा तेवढाच, आणि लगेच पाण्यात सोडायचा. आमच्या केमिस्ट बाई सांगायच्या, ह्याच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना सुटा राहिलेला असतो, त्यामुळे जो भेटेल त्याच्याकडून हा ओढून घेतो. जंतूकडून घेतला की जंतू मरतो. पण समोर जंतू आहे की तुमचं रक्त, हे त्याला काय कळतंय? म्हणून लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम — तेही नाही, त्याच्या आतच. दर तासाला तपासायचो आम्ही. दर तासाला. आणि ह्या बाटलीत — जाऊ द्या.

आमच्या ओळखीत एक बाई होत्या. त्यांनी हेच घेतलं. पोटाचा त्रास, दोन वर्षं, सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट चांगले, आणि डॉक्टर म्हणायचे मनाला लावून घेऊ नका. आता दुखतंय पोट आणि हे म्हणतात मन — माणूस वैतागणारच की. पडदे शिवायच्या त्या, घरीच, दिवसभर मशीनवर. सकाळी फिरायला जायच्या तिथल्या एकीनं बाटल्या दिल्या. बाई शहाण्या होत्या हो, असं कोणाचंही ऐकून तोंडात घालणाऱ्या नव्हत्या. विचारून घेतलं त्यांनी आधी. माहितगार माणसाला विचारलं.

ओळखीतल्या म्हणजे — माझी ताई ती. सख्खी.

इथेच, ह्याच खोलीत. मी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो, आणि ती स्टूल धरून उभी. म्हणाली, अरे, तुम्ही पाण्यात घालायचात ते क्लोरीनचं, ते काही वाईट नसतं ना? मी म्हटलं, अगं सगळं शहर पितंय, वाईट कसं असेल. मग म्हणाली, ते थेंब मिळतात, ते तेच का? मी म्हटलं, पाण्यात घालतो तेच. फडकं दे जरा. तिनं फडकं दिलं. झालं. एवढंच बोलणं. मी खाली पाहिलंसुद्धा नाही. किती थेंब, कुठले थेंब, तुला कशाला हवेत, काही नाही. पाती पुसत होतो मी.

बाराव्या दिवशी भाचीचा फोन आला. आईचे ओठ निळे दिसतात, धाप लागते, लघवी काळ्या चहासारखी होते. दवाखान्यात रक्त काढलं तर सिरिंजमध्ये तपकिरी — मी पाहिलं, उभा होतो तिथं. रक्तातल्या पेशी फुटल्या आणि तो सगळा चुरा मूत्रपिंडात जाऊन बसला, असं डॉक्टर म्हणाले. डायलिसिसवर ठेवली. अठरा दिवस काढले तिनं.

भाचीनं त्या फिरायला येणाऱ्या बाईवर तक्रार केली. ती बाई घर सोडून गेली, लोकांनी जगणं नकोसं केलं तिचं. आणि भाची मला म्हणते, मामा, तुला विचारलं असतं तर वाचली असती रे, तुला का नाही विचारलं तिनं? दर आठवड्याला म्हणते. मी काय करतो? हं म्हणतो. साडेतीन वर्षं हं म्हणतोय. बोलणार होतो एकदा, बसस्टॉपवर तिला पोचवायला गेलो तेव्हा, पण बस आली. बस येणारच होती म्हणा, बसस्टॉपच तो. हे मी कोणाला बोललेलो नाही. तुम्हाला का बोलतोय कोण जाणे, दमलोय बहुतेक. तुम्ही तसे परके, दुसऱ्या मजल्यावरचे, वर्षात चार वेळा जिन्यात भेटतो आपण —

काय म्हणालात?

नाही, ते नाही, आत्ता काय म्हणालात ते. कधीपासून? मंगळवारपासून? म्हणजे चालू केलंय. अहो, मला वाटलं विचारायला आलात — आणि ही बाटली मघापासून इथं आहे, सील तुटलेली, मी हातात घेऊनही पाहिली नाही. दिवसातून किती? आठ वेळा. आज सकाळी धाप लागते म्हणाल्या? ओठ कसे दिसतात? पाहिले नाहीत. बरं. असू दे. मीही नव्हते पाहिले.

उठा. चहा राहू द्या. दोन्ही बाटल्या आणि कागद सोबत घ्या, डॉक्टरांना ह्याचं नाव नीट सांगा, किती थेंब, किती दिवस, काही लपवू नका. त्या नको म्हणाल्या तरी ऐकू नका. मी खाली जाऊन रिक्षा थांबवतो, तुम्ही वहिनींना घेऊन या. अहो, माझ्याकडे काय बघता, जा.