नारिंगी माशी

नाही गं मार्ला, नळीच्या टोकावरची ही नेमाची माशी वाकडीच बसलीय. पिस्तूल ठेवलंय बघ खाली, मॅगझिन काढलंय, नळी तिकडेच आहे — ये पुढे, ये. तो कागद बघ. नेम धरला छातीवर आणि गोळ्या गेल्या कुठे? डावीकडे, खाली. सगळ्या. एखादी गेली असती तर म्हटलं असतं, म्हातारा हलला. पण सगळ्याच? काल तू बसवलीस तेव्हा तुझ्या दुकानात हरणांच्या शिकारीच्या हंगामाची गर्दी होती, घाई झाली असेल — मी रागावत नाहीये बाळ. मारा डावीकडे जातोय तर माशी डावीकडेच सरकवायची ना? तुझे वडील तसंच करायचे. पितळी हातोडीनं, हळू, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं.

बाकी वस्तू चांगली आहे हो. कंपनीची माशी होती काळी, मला नळीचं टोकच दिसेना. करवतीच्या गिरणीत जन्म गेला, डोळ्यांत भुसा जायचा तो जायचाच — आता नोरीन, माझी सून, सकाळ-संध्याकाळ थेंब घालते तेव्हा कुठे वाटी आणि कप वेगळे कळतात. ही नारिंगी मात्र दिसते. निखाऱ्यासारखी दिसते. आणि तू सांगितलंस तसंच करतो मी — माशीकडे बघायचं, पलीकडे बघायचं नाही. माशी ठळक, पलीकडचं धूसर. धूसर असलेलंच बरं. मला तेच हवं होतं.

काय म्हणालीस? हो, त्या आधीच्या गोल कागदावर मधोमध लागल्या, खरंय. हेच पिस्तूल, हीच माशी. मग तू हा माणसाच्या आकाराचा कागद टांगलास आणि — सैल झाली असेल. हादऱ्यानं होतं तसं. नाही होत? बरं, मग तू मार. मार की. थांब, कान झाकतो.

हं. आण इकडे तो कागद. छातीच्या मधोमध. परत मार बरं.

तिथेच.

म्हणजे माशी सरळ आहे.

मी दचकतो? आवाजाला? अगं, गिरणीत माझ्या कानाशी ओंडके चिरले जायचे, मी आवाजाला कसा दचकेन? काय — गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली जातं? तू पाहिलंस? — पाहिलंस. मला वाटलं, मला एकट्यालाच कळलं ते. मग गोल कागदावर का नाही जात गं? का जाईल? गोल कागदाला खांदे नसतात.

नाही, अस्वल नाही. मी म्हटलं होतं खरं, अंगणात अस्वल येतं म्हणून. अस्वल दार ठोकत नाही. तो ठोकेल. आधी ठोकेल, 'बाबा' म्हणेल, त्याला ठाऊक आहे मी उठून उघडतो. म्हणून तर तुला कागद इतका जवळ लावायला सांगितला. माझ्या खुर्चीपासून पुढच्या दारापर्यंत एवढंच आहे.

माझा डेल तुरुंगातून सुटतोय शुक्रवारी. तुला माहीतच आहे, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. लाकडाच्या ओंडक्यानं त्यानं नोरीनचा जबडा मोडला, अजून ती ब्रेड दुधात बुडवून खाते. शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला आहे ना ती, पोरं विचारतात, तुम्ही अशा का बोलता. ती म्हणते, दाढ दुखते. आणि तुरुंगातून त्यानं फोनवर तिला काय सांगितलं ते मी ऐकलंय. घरातल्या दुसऱ्या फोनवर होतो मी. अगदी शांतपणे बोलला गं. चिडून बोलला असता तर मी हे पिस्तूल बाहेर काढलंच नसतं.

त्यानं तिच्या जवळ फिरकायचं नाही असा जज्जाचा हुकूम आहे, हो, फ्रिजवर चिकटवलाय. शेरीफची गाडी आमच्याकडे यायला पाऊण तास, बर्फ असला की विचारूच नकोस. बहिणीकडे जा म्हटलं तिला, बोईसीला. म्हणाली, तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालेल? मी म्हटलं, मरू देत डोळे. तर हसली. वाकडं हसते आता, एका बाजूनं. आणि गेली भांडी घासायला.

नको, पिस्तूल तुझ्याकडे नाही ठेवायचं. मार्ला, हात काढ. तुझा हेतू चांगला आहे. त्याच्याशी बोलू म्हणतेस? मी बोललो नसेन? दर पंधरवड्याला गेलोय भेटायला. काचेपलीकडे बसतो तो, अगदी लहानपणी बसायचा तसाच, एक पाय दुमडून. शेवटी गेलो तेव्हा म्हणाला, बाबा, बाहेर थंडी किती आहे? नेलं तेव्हा ऑगस्ट होता ना, अंगावर नुसता शर्ट. मग मी कोट धाडला. नवाच घेतला — लाल चौकड्यांचा, आत लोकर. गार वाऱ्यात पोरगा बसस्टँडवर उभा राहणार, कोट नको? नोरीनला नाही सांगितलं. तू सांगू नकोस.

लाल. मला चेहरे नाही दिसत आताशा, पण लाल दिसतो. हे मी कोट घेताना मनात आणलं होतं का, विचारू नकोस. थंडीसाठीच घेतला. थंडीसाठीच.

अशी बघू नकोस. रडतेस काय, येडी कुठली. तुझे वडील असते तर त्यांनी मला मनगट पकडून शिकवलं असतं — तू पण शिकव. चाप कसा दाबायचा की हाताला आधी कळूच नये? हळूहळू, होय ना? श्वास सोडत. केव्हा सुटेल ते आपल्यालाच ठाऊक नसावं.

शिकव म्हटलं ना.

बरं. नको शिकवूस. पण नवा कागद तरी लाव. माणसाचाच.

मागे हो आता, पिवळ्या रेघेच्या मागे. कान झाक.